दुसऱ्या वाटीतली बर्फी

"बर्फी माझी," एवढंच म्हणून काकी उरलेली वाटी उचलायची, पदराखाली घ्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, ओट्याशी उभ्याने खायची. खाऊन झालं की वाटी स्वतः विसळून पालथी घालायची. मग बाहेर येऊन भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "दमलंय गो बाय. च्या टाक."

तुम्ही डोहाळजेवणाला गेला असाल तर हा वाट्यांचा खेळ पाहिला असेल. दोन वाट्या, दोन्हींवर झाकण. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. काहीही निघालं तरी बायका टाळ्या वाजवतात, पण पेढ्याच्या टाळ्या वेगळ्या आणि बर्फीच्या वेगळ्या. दाराबाहेर चपला काढतानासुद्धा कळतं, आत काय निघालं ते.

दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ होती, तिथे वाट्या मांडायचं काम काकीचं. सगळी चाळ तिला काकीच म्हणायची, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. नवरा गिरणीत होता, गिरणीपाठोपाठ तोही गेला. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात ती कोपरा धरून राहायची आणि बाळंतिणींना, बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम करायची. ओटी भरायला सवाष्ण लागते, पण वाट्या विधवेने मांडाव्यात आणि उरलेली वाटीही तिनेच खाऊन टाकावी, घरात ठेवू नये, असं तिचं शास्त्र होतं. आमच्या सासूबाई रत्नागिरीकडच्या, काकी मालवणाकडची. त्यामुळे तिचं शास्त्र आमच्या घरात कुणाला तपासता यायचं नाही. मालवणाकडच्या बायकांना वाटायचं, हे तिच्या सासरच्या गावातलं असेल.

आणखी एक गोष्ट तिने परस्पर बदलली होती. हा खेळ खरं तर सातव्या महिन्यातला. काकी तो तिसऱ्या महिन्यात, चोरओटीला खेळायला लावायची. चोरओटी म्हणजे फार गाजावाजा न करता घरातल्या घरात भरतात ती पहिली ओटी. एवढ्या लवकर वाट्या कशाला, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "आमच्यात असताच."

दमणं हा तिचा स्वभावच होता. सकाळी पहिल्या घराचा उंबरठा ओलांडतानाही ती दमलेली असायची. एकदा गणपतीला गावी जाऊन चांगली राहून आली, तर आल्या आल्या म्हणाली, "आराम करून करून दमलंय." आम्ही खूप हसलो. ती हसली नाही. तिला खरंच तसं वाटत होतं.

पण पाटावर बसून पाय लांब केले आणि नडग्यांवर बाळ पालथं घेतलं की तिच्या हातांतला थकवा कुठे जायचा कोण जाणे. बाळ टाहो फोडायचं आणि ही त्याच्याशी बोलत बसायची. मुलगा असेल तर, "रड मेल्या, रड. तुका दुसरा काम काय असा?" मुलगी असेल तर आवाज जरा खाली यायचा. "रडून घे गो बाये. मगे येळ गावूचो नाय."

पोटावर हात ठेवून ती काय होणार ते सांगायची, आणि ते नेहमी एकच असायचं. "झील होतलो." झील म्हणजे मुलगा. मुलीला ती चेडू म्हणायची, पण पोटावर हात ठेवून कधीच नाही. निम्म्या वेळा मुलगाच व्हायचा आणि त्या घरातून तिला बारशाला साडी मिळायची. ती माणसं मग वर्षभर सांगत फिरायची, काकीच्या हाताला कळतं म्हणून. ज्यांना मुलगी व्हायची तीही बोलायची, पण वेगळं. थापाडी, म्हातारीला काही कळत नाही, उगाच आशा लावते. काकी वाद घालायची नाही. "चुकला माझा. डोळे गेले," म्हणायची. त्या मुलीच्या बारशाला कोपऱ्यात बसून मूठभर घुगऱ्या खायची आणि निघून जायची. दुसऱ्या खेपेला तेच घर पुन्हा तिलाच बोलवायचं. मुलगा हवा असलेल्या माणसांची आठवण फार सोयीची असते, हे एव्हाना तुम्हीही पाहिलं असेल.

मला पहिली मुलगी. ती चार वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले. तेव्हा मी बोरिवलीच्या एका पतपेढीत नोकरीला होते. सकाळी ओकाऱ्या, दिवसभर काउंटर, संध्याकाळी पुन्हा ओकाऱ्या. त्यातच एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आईच्या ओळखीचा एक माणूस आहे, चेकनाक्याच्या पलीकडे. मशीन आहे त्याच्याकडे. रविवारी जाऊन बघून येऊ."

"काय बघायचं?"

"फक्त बघायचंय यार. आईच्या जिवाला बरं वाटेल."

"आणि बघून काय करायचं?"

"नंतरचं नंतर बघू ना."

सासूबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. तुम्ही कुठल्याही सोनोग्राफीच्या दवाखान्यात गेलात तर पाटी दिसते, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. मी त्या पाटीखाली बसले आहे आणि त्या पाटीखाली बसून माणसं काय कुजबुजतात तेही ऐकलं आहे. 'नुसतं बघायचं' म्हणजे काय हे आमच्या घरात चौघांपैकी तिघांना ठाऊक होतं. चौथी चार वर्षांची होती.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत नाही म्हटलं. आमच्या घरात माझ्या 'नाही'ची किंमत पंख्याच्या आवाजाएवढी होती. तो चालूच असतो म्हणून कुणाला ऐकू येत नाही. भांडायला अंगात जोर लागतो आणि माझा सगळा जोर मोरीत चालला होता. मी फार भ्याले होते. पोटातल्याला काय सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून मी पोटाला हात लावणंच बंद केलं होतं.

चाळीत भिंती असतात, पण नावाला. शुक्रवारी संध्याकाळी काकी न बोलावता दारात उभी राहिली. हातात कागदाची पुडी.

"सुनेची चोरओटी भरलंस काय गो?" तिने सासूबाईंना विचारलं.

"नाही अजून. रविवारचं एक काम होऊ दे, मग बघू."

"ओटी कामासाठी थांबणा नाय. आज शुक्रवार असा. नारळ काढ."

सासूबाईंना नाही म्हणता येईना. शेजारच्या दोघी सवाष्णी आल्या. त्यांनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. मग काकी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने माझ्या पोटावर हात ठेवला. तेल मुरून मुरून खरखरीत झालेला गरम हात. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसली. मला वाटलं, तिला डुलकी लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "झील होतलो."

सासूबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक हललं. "काकी, नक्की ना? उगाच आमची वाट लावू नकोस हां."

"माझ्यार इश्वास नाय तर वाट्यांका इचार."

पुडी घेऊन ती आत गेली आणि झाकलेल्या दोन वाट्या घेऊन आली. मी डावीकडची उघडली. पेढा. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या, पेढ्याच्या टाळ्या. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला त्या पेढ्याच्या वासानेच मळमळलं.

"बर्फी माझी," काकी म्हणाली आणि वाटी पदराखाली घालून आत गेली.

मी तिच्या पाठोपाठ मोरीकडे धावले. ओकून झाल्यावर चूळ भरताना मान वळवली तर ती ओट्याशी उभी, माझ्यापासून हातभर अंतरावर. वाटी उघडी होती. वाटीत अर्धा पेढा होता. अर्धा तिच्या तोंडात.

मी नुसती बघत राहिले. बर्फी पांढरी असते, चौकोनी असते, हे पडताळून घेतल्यासारखी बघत राहिले. काकीने तोंडातला घास गिळला.

"बघतंस काय? पाणी दी माका."

मी पाणी दिलं. तिने वाटीतला अर्धा पेढा उचलून माझ्या तोंडात कोंबला. "गोड खा. आनी गप रव." मग वाटी विसळली, पालथी घातली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "दमलंय गो बाय. च्या टाक."

मागाहून आठवून पाहिलं, काकीने मांडलेल्या वाट्यांतून बर्फी निघालेली मला एकदाही आठवत नाही. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. पेढा निघाल्यावर दुसऱ्या वाटीत काय आहे हे कोण बघतं?

रविवारी सकाळी नवरा शर्टाची बटणं लावत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "काही जायला नको कुठे. कायद्याने गुन्हा आहे तो. आपण सरळ माणसं." मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नळ सोडून हसले. हसता हसता रडले, पण नळ चालू होता.

पुढचे महिने मला जे खाऊ घातलं गेलं ते माझ्या माहेरीही कधी कुणी घातलं नव्हतं. डिंकाचे लाडू, तूपभात, शहाळी. सासूबाई माझ्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायच्या. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. प्रत्येक लाडू खाताना मात्र मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

सातव्या महिन्यात पाय सुजले तेव्हा काकी रोज दुपारी तेल लावायला यायची. एकदा घरात कुणी नव्हतं. मी विचारलं, "काकी, मुलगी झाली तर?"

"झाली तर झाली. मगे काय परत पोटात घालूक येता?"

"तुला खरंच काय कळतं गं पोटावरून?"

"डोंबल कळता. पोट म्हंजे पोट." ती माझी टाच चोळत होती. जरा वेळाने, मी काही न विचारता, तिने सांगितलं. "पाठच्या चाळीत होती एक. दोन चेडवा होती तिका. तिसऱ्या खेपेक सासू माझ्याकडे घेवन इली. त्या दिवशी मी खूप दमलेलंय. हात वर होय नाय. सासू सारखी इचारी, सांग, सांग. मी म्हटलंय, माका काय कळणा नाय बाय. कोणाकच कळणा नाय. मशीन काय ता सांगात."

"मग?"

"मगे गेली ती मशीनकडे." तिने वाटीतलं तेल हातावर घेतलं. "चार दिवसांनी माका बोलवल्यानी. तिच्या पायांक तेल लावूक. नुसते पाय. न्हाऊक घालूक कोण नाय होता."

बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"खरा बोललंय ता तेवढ्याच वेळी," काकी म्हणाली. "आता कितीव दमलंय तरी खरा सांगणंय नाय. दुसरो पाय दी."

मला मुलगी झाली.

दवाखान्यात सासूबाईंनी बाळाचं दुपटं बाजूला केलं, पाहिलं, परत नीट केलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काकी तेलाची बाटली घेऊन दारात आली तेव्हा इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. सासूबाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की वरच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात आल्या. फसवलंस, माझ्या घराचं वाटोळं केलंस, या दारात पाऊल ठेवू नकोस.

काकी मान खाली घालून ऐकत होती. थापाडी म्हणून, करंटी म्हणून, आणखीही काय काय म्हणून. मी बाळाला घेऊन आत पडले होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ती म्हणाली होती, गप रव.

"चुकला माझा," सासूबाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा काकी म्हणाली. "डोळे गेले. घरात पाऊल ठेवणंय नाय. पण चेडवाचा न्हाणा चुकूक नको."

आणि ती तिथेच, दाराबाहेर गॅलरीत, सगळ्यांच्या देखत बसली. पाय लांब केले. "हाड गो तिका हय." म्हणजे तिला इकडे आण. माझ्या अंगात कुठून बळ आलं माहीत नाही, मी उठले आणि बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. एक बादली नेऊन दिली. येणारेजाणारे वाट वाकडी करून जात होते. बाळ केकाटत होतं. "रडून घे गो बाये," काकी सांगत होती.

गॅलरीत वारा असतो. बादलीतलं पाणी निवत चाललं. काकी कुणाकडे न बघता म्हणाली, "पाणी थंड झाला. पोर गारठतली." कुणी हललं नाही. मग सासूबाई आत गेल्या, स्टोव्हवरचा टोप चिमट्याने धरून बाहेर आल्या आणि बादलीत ओतला. वर म्हणाल्या, "कान झाक तिचे, अक्कल नाही का?" दुसऱ्या दिवशी काकी परत गॅलरीत बसू लागली तेव्हा सासूबाईंनी मोरीत पाट टाकला होता.

तरी शेवटपर्यंत त्या सांगायच्या, काकीने फसवलं म्हणून. सांगताना धाकटी त्यांच्या गुडघ्यांना बाम चोळत असायची.

मग चाळ पडली, टॉवर झाला. ज्यांची घरं होती त्यांना घरं मिळाली. कोपऱ्याला काही मिळत नसतं. काकी विरारच्या बाजूला भाच्याकडे गेली. आमच्या टॉवरमध्ये आता डोहाळजेवणं हॉलमध्ये होतात, फुगे निळे आणि गुलाबी दोन्ही लावतात, वाट्या केटररचा माणूस मांडतो. कधी पेढा निघतो, कधी बर्फी. बर्फी निघाली की मी अजूनही पोटुशीच्या सासूच्या तोंडाकडे बघते. ही सवय काही जात नाही.

काकी गेली त्याला आता काही महिने झाले. भाच्याने फोन करून सांगितलं, तोही दहाव्याच्या नंतर. त्याआधी एकदाच मी तिला भेटून आले होते, तेवढं सांगते आणि थांबते.

आठवण गेली आहे, माणूस ओळखत नाही, असं कळलं होतं. धाकटी आता कॉलेजात आहे; तीही बरोबर आली. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून मी बर्फी घेतली. इतकी वर्षं 'बर्फी माझी' म्हणणाऱ्या बाईला एकदा तरी खरी बर्फी द्यावी, असं मनात होतं. स्टेशनपासून रिक्षा केली आणि रिक्षात मी धाकटीला दोन वाट्यांची गोष्ट सांगितली. याआधी कधी सांगितली नव्हती. ती आधी हसली. मग विचारलं, "म्हणजे मला मारणार होते?"

"बघणार होते," मी म्हटलं.



काकी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उरली होती मूठभर. मी नाव सांगितलं, चाळ सांगितली, तिला ओळख पटेना. मी जवळ बसले तशी तिने हात पुढे केला आणि माझ्या पोटावर ठेवला. पन्नाशीला आलेलं माझं पोट. भाचेसून हसली. "सगळ्या बायकांना असंच करते. परवा मीटरवाली आली होती, तिलापण."

काकीने डोळे मिटले. "झील होतलो," ती म्हणाली. "भिया नको."

मी भीत नव्हते. तरी माझे डोळे भरून आले.

भाचेसून चहा टाकायला आत गेली. मी खोका उघडून एक बर्फी काकीच्या हातावर ठेवली. हातात गोड आलेलं तिला कळलं. तिने ते पदराखाली घेतलं, "बर्फी माझी," म्हणाली आणि वळता येईल तितकी भिंतीकडे वळून खाऊ लागली. एक घास घेतला आणि चावता चावता थांबली. जीभ फिरवून पाहिली. मग हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती, सासूबाई तिला दारात बोलत होत्या त्या दिवशीही नाही.

"ह्यो पेढो नाय," ती कुजबुजली. माझं मनगट तिने घट्ट धरलं. "गो बाय, ह्यो पेढो नाय. वाटीत बर्फी इली कशी? कोणी बघल्यान काय?"

"कुणी नाही बघितलं काकी. पोटुशीने उघडली त्या वाटीत पेढाच होता."

तिला पटेना. तो तुकडा कुठे लपवावा ते तिला सुचत नव्हतं. पदराखाली, उशीखाली, परत पदराखाली.

धाकटी उठली. खाटेशी गुडघ्यांवर बसली, काकीच्या मुठीतली ती उष्टी अर्धी बर्फी हळूच सोडवून घेतली आणि तोंडात टाकली. चावली, गिळली आणि दोन्ही रिकामे हात काकीपुढे उघडून दाखवले.

"संपली," ती म्हणाली.

काकीने ते हात उलटेसुलटे करून पाहिले. मग माझं मनगट सोडलं आणि भिंतीला टेकली.

"दमलंय गो बाय," ती म्हणाली. "च्या टाक."